भाताचा देव आणि सरकारी फर्मान

जपानमधलं एखादं खेडं डोळ्यांसमोर आणा. भातखाचरं, त्यांच्या कडेला जुनी उंच झाडं, झाडांत एक लाल लाकडी कमान (तिला तिकडे ‘तोरी’ म्हणतात) आणि आत कपाटाएवढं देऊळ. दाराशी दोन दगडी कोल्हे. हा इनारी, शिंतो धर्मातला भाताचा देव. कोल्हा त्याचा दूत. लावणीआधी गाव इथं चांगलं पीक मागतं, कापणी झाली की नवा तांदूळ आणि साके घेऊन आभार मानायला येतं. अशा छोट्या ठिकाणी कायमचा पुजारी बहुधा नसतो. झाडलोट गावकरीच करतात.

पण एकेकाळी हीच छोटी देवळं सरकारच्या डोळ्यांत खुपली होती, बरं का!

१९०६ साली जपान सरकारने ठरवलं, एका गावाला एकच देऊळ. बाकीची त्यात विलीन करा. कारण काय, तर देवळं थोडी असली की नीट सांभाळता येतील. देशात तेव्हा सुमारे १,९०,००० देवळं होती. आठ-दहा वर्षांत त्यातली ७०,००० च्या आसपास गेली. आणि देव हलला की मागची झाडं तोडून विकायला रान मोकळं! मिए आणि वाकायामा या प्रांतांत तर कहरच झाला.

वाकायामातल्या तानाबे या छोट्या शहरात मिनाकाता कुमागुसु राहत. लंडनमध्ये अभ्यास करून १९०० साली परतलेले निसर्गअभ्यासक. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रातून सरकारवर टीकेची झोड उठवली. १९१० मध्ये अधिकारी हजर असलेल्या सभेत घुसले आणि कोठडीत गेले.

त्यांचं म्हणणं नुसतं श्रद्धेचं नव्हतं. झाडं तुटली की पक्षी जातात, पक्षी गेले की कीड वाढते, आणि नुकसान होतं शेतकऱ्याचं. देव लांब गेला की म्हाताऱ्यांचं दर्शन सुटतं, सण बंद पडतो, गाव एकत्र येईनासं होतं. १९११ च्या एका पत्रात त्यांनी ‘इकॉलॉजी’ हा शब्दही वापरला होता. शंभर वर्षांपूर्वी!

शेवटी १९२० मध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहाने हे धोरण थांबवण्याचा ठराव केला. काही देवळं पुढे गावकऱ्यांनी परत उभी केली. तोडलेली जुनी झाडं मात्र परत कुठून आणणार?

आपल्या देवराया आठवल्या ना? म्हणूनच हे लिहिलं. कधी जपानला गेलात आणि खाचराकाठी लाल कमान दिसली, तर फोटो जरूर काढा. पण आधी मागची झाडं बघा. ती कुणीतरी भांडून राखलेली असतील.