तस्कर कोणाला म्हणायचं?

मी इंदूरचा. फेब्रुवारीच्या सुमारास नीमच-मंदसौरकडे गेलात, तर रस्त्यालगत पांढऱ्या फुलांची शेतं दिसतात. लहानपणी मला वाटायचं, बाजारात विकायची फुलं असतील. ती अफू आहे आणि सरकारच्या परवान्यानं पिकते, हे वडिलांनी सांगितलं. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. बोंडाला चीर दिल्यावर पाझरणारा चीक एकच. मग तो एका हातात पीक आणि दुसऱ्या हातात गुन्हा कसा होतो?

उत्तरासाठी तीनशे वर्षं मागं जाऊ. चीनच्या सम्राटानं १७२९ मध्ये अफूच्या विक्रीवर बंदी घातली. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण चीनला त्यांचा माल फारसा नको होता. त्यामुळे चहासाठी चांदी मोजावी लागे. ईस्ट इंडिया कंपनीला यावर तोड सापडली ती अफूत. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं बंगाल-बिहारच्या अफूची मक्तेदारी कंपनीकडे घेतली. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची आणि मालाचा भाव मात्र आपण ठरवायचा, अशी पद्धत बसली. कलकत्त्याला पेट्यांचा जाहीर लिलाव होई. पुढं चीनपर्यंत माल नेत ते खासगी व्यापारी. त्यामुळे चीनचा कायदा मोडला जाई, पण कंपनीच्या वहीत फक्त लिलावाची रक्कम दिसे.

आता आमच्या माळव्याकडे या. इथं शिंदे-होळकरांची आणि इतर संस्थानांची राज्यं. कंपनीचा मक्ता इथं लागू नव्हता. व्यापारी माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून, कराचीच्या वाटेनं चीनकडे पाठवत. कंपनीनं याला तस्करी म्हटलं. स्वतःचा माल चीनमध्ये चोरून उतरत होता, तेव्हा हा शब्द तिला आठवला नव्हता! संस्थानिकांशी करार करून झाले, माल विकत घेऊन पाहिला, काही जमेना. शेवटी १८३० च्या सुमारास तिनं परवाना काढला. कर भरा आणि माल उघडपणे मुंबईहून न्या. कालचा तस्कर आज करदाता झाला. १८३५ मध्ये पेटीमागे कर होता १२५ रुपये. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेला, कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत तोच कर ४०० रुपयांवर गेला. आडवाट बंद झाल्यावर दर वाढवायला भीती कसली?

मुंबईच्या भरभराटीत या पैशाचा मोठा वाटा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा भाग होता आणि त्यांच्याच दानातून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

तिकडे चीनमध्ये घरंच्या घरं व्यसनात बुडाली. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या. ब्रिटननं उत्तर युद्धानं दिलं. चीन हरला आणि हाँगकाँग गमावून बसला. आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी या व्यापारावर टीका केली. तरुण रवींद्रनाथांनी १८८१ मध्ये त्याच्याविरुद्ध लेख लिहिला. पण १९०७ मध्ये चीनशी करार होऊन निर्यात टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं, तोवर कित्येक पिढ्या गेल्या होत्या.

आता आजचं पाहू. १९८५ मध्ये आपण अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. हेरॉइन २५० ग्रॅमहून जास्त असेल तर ते व्यापारी प्रमाण. त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आणि जामीन मिळणं फार अवघड. सेवन हाही गुन्हाच. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पण ती तरतूद किती घरांना माहीत आहे?

मंदसौरच्या शेतकऱ्याची अडचण वेगळीच. सगळी अफू ठरलेल्या भावानं सरकारला द्यायची. ठरलेला उतारा आला नाही, तर परवाना जाण्याची भीती. आणि बांधावर उभा असलेला तस्कर कितीतरी पट भाव द्यायला तयार. या ओढाताणीत तो शेतकरी एकटाच असतो.

कायदा नको, असं मी म्हणत नाही. नशेनं माणूस कसा संपतो, हे चीनच्या इतिहासानं दाखवलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की, अफूच्या या इतिहासात नफा वरच्यांनी घेतला आणि किंमत मोजली ती पिकवणाऱ्यानं आणि ओढणाऱ्यानं. आजही पकडले गेल्याची बातमी वाचाल, तेव्हा एक पाहा: ज्याच्या खिशात पुडी सापडली तो आत गेला, की ज्याच्या तिजोरीत पैसा गेला तो?

यावर घरी बोला, मुलांशी बोला. पुन्हा भेटू पुढच्या भागात.