रत्नागिरी : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे



आपण वऱ्हाडातील मंडळी काळ्या मातीत वाढलेली. समुद्राचे दर्शन आपणांस बहुधा मुंबईच्या चौपाटीपुरतेच घडते. सेवानिवृत्तीनंतर सहकुटुंब रत्नागिरीस जाण्याचा योग मला आला. ज्या गावाचे नाव इतिहासाच्या तासाला मी अनेकदा फळ्यावर लिहिले, ते प्रत्यक्ष पाहून जे वाटले ते येथे निवेदन करीत आहे.

एका बाजूस सह्याद्रीची रांग व दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र, यांमध्ये हे शहर वसले आहे. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण सुरू झाली. तत्पूर्वी येथे यावयाचे तर बोटीने किंवा घाट उतरूनच यावे लागे. या दुर्गमतेमुळेच, ज्यांना जगापासून दूर ठेवावयाचे अशांसाठी इंग्रज सरकारने हे गाव निवडले. रत्नागिरीचा अर्वाचीन इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रथम रत्नदुर्ग किल्ला पाहावा. त्याच्या तीन बाजूंस समुद्र आहे. बालेकिल्ल्यात श्रीभगवतीचे मंदिर असून शेजारच्या टेकडीवर दीपगृह आहे. तटावर उभे राहिले म्हणजे खाली मिरकरवाड्याचे बंदर व मासेमारीच्या नौका दिसतात.

नंतर टिळक आळीत जावे. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच शहरी झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. १८६६ साली त्यांची बदली पुण्यास झाली व कुटुंब तिकडे गेले. ते साधे कौलारू घर जन्मस्थान म्हणून जतन केले आहे. एका शिक्षकाच्या घरातून केवढा पुरुष निर्माण झाला, हे पाहून माझ्यासारख्या शिक्षकाचा ऊर भरून आला.

तिसरे स्थळ थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी हा वाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला. परंतु १९१६ साली राजा येथेच मरण पावला. स्वदेश त्यास पुन्हा दिसला नाही. दिल्लीच्या बहादुरशहा जफर यास रंगूनला पाठविणारे आणि रंगूनकडील राजास येथे आणणारे सरकार एकच होते. या वाड्यात आता शासकीय संग्रहालय आहे.

चौथे स्थळ पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्यास त्यांना बंदी होती. तेव्हा त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य हाती घेतले. जातीपातीचा विचार न करता सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असावा, या हेतूने १९३१ साली हे मंदिर उभे राहिले. त्याचा खर्च दानशूर भागोजीशेठ कीर यांनी केला. ते भंडारी समाजातले; गरिबीतून वर येऊन मुंबईत मोठे ठेकेदार झाले. या चळवळीत सर्व जातींची सहभोजनेही झाली.

त्या मंदिरात बसलो असता मला लहानपणची एक पंगत आठवली. मी तिसऱ्या इयत्तेत असेन. गावातील एका लग्नात माझ्या बाकावरचा सोबती आमच्याबरोबर जेवावयास आला. त्यास उठवून गोठ्याजवळ वेगळे बसविले व पत्रावळ लांबून सरकविली. तो माझ्याकडे पाहत होता. मी मान खाली घालून बुंदी खात राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या बाकावर बसला नाही. पुढे छत्तीस वर्षे समतेचे धडे शिकविले, पण ती खाली घातलेली मान मी विसरू शकलो नाही.

आपण गुरुकुंजाच्या परिसरातील माणसे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापिला आणि सर्वांना एकत्र बसवून सामुदायिक प्रार्थना शिकविली. प्रार्थनेस एकत्र बसणारे आपण पंगतीस मात्र अजूनही आपल्यापुरतेच बसतो. ज्ञातिमंडळाने मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, वधूवरांचे मेळावे भरवावेत, हे योग्यच आहे. परंतु वार्षिक स्नेहभोजनास प्रत्येक कुटुंबाने अन्य समाजातील एका शेजारी कुटुंबास सन्मानाने घेऊन यावे, अशी माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. पहिले निमंत्रण मी माझ्या त्या जुन्या सोबत्यास देणार आहे. तो येईल की नाही, हा त्याचा अधिकार.

प्रवासाविषयी दोन शब्द. बडनेऱ्याहून मुंबई गाठून कोकण रेल्वेने जावे, अथवा कोल्हापूरमार्गे आंबा घाटाने उतरावे. हिवाळा उत्तम, हापूस आंबा चाखावयाचा असल्यास उन्हाळा. दोन दिवसांत शहर पाहून होते. तिसरा दिवस गणपतीपुळे व पावस यांसाठी ठेवावा. मुलांना अवश्य सोबत न्यावे आणि पतितपावन मंदिरात त्यांस घटकाभर बसवून त्याचा इतिहास सांगावा.