पन्हाळ्याचा चार दरवाजा

कोल्हापुराहून पन्हाळा सुमारें १२ मैल. सकाळीं निघालें कीं दिवेलागणीस घरीं. तीन दरवाजाचें नक्षीकाम पाहावें, अंबरखान्याच्या प्रचंड धान्यकोठारांत उभें राहावें, १६६० चा वेढा आठवावा, हा सहलीचा ठरलेला क्रम. आम्हींहि तो पाळला. परंतु तटांतून गांवांत शिरतांना जे भग्न अवशेष लागतात, ते चार दरवाजाचे, हें ध्यानांत आलें तें परततांना! वतनी जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला, म्हणून १८४४ मध्यें गडकऱ्यांनीं बंड केलें. इंग्रजांनीं गड जिंकला आणि हा दरवाजा पाडला. बाजीप्रभूंची कीर्ति सर्वांमुखीं. पिढ्यान् पिढ्या तट राखणाऱ्या ह्या गडकऱ्यांचें मात्र आम्हांपैकीं कोणासहि स्मरण नव्हतें. मोटार थांबवून आम्ही त्या दगडांपाशीं उतरलों.