चुखा जलविद्युत प्रकल्प: मदतीच्या अटींचा इतिहास

आंतरराष्ट्रीय विकास सहकार्य म्हटले की आपल्याला भारत आठवतो तो मदत घेणारा देश म्हणून. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने, रुरकेलाचा जर्मन, दुर्गापूरचा ब्रिटिश, हे तुम्ही शाळेत वाचलेच आहे. या पाठात भारत देणाऱ्याच्या बाजूला आहे. देश भूतान, नदी वांगछू (खाली भारतात उतरल्यावर हिलाच रायडाक म्हणतात) आणि प्रकल्प चुखा. मदत किती कोटींची होती याआधी ती कोणत्या अटींवर होती ते पाहायचे, एवढे लक्षात ठेवून पुढे वाचा.

सुरुवात १९५८ पासून करू. त्या वर्षी पंतप्रधान नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून तिथे जाणारा मोटररस्ता नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून ते पारोला पोहोचले. तिबेटमधील घडामोडींनंतर हा मार्ग भरवशाचा राहिला नाही. राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांनी दक्षिणेकडे पाहायचे ठरवले. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिचा आणि दुसऱ्या योजनेचा जवळजवळ सगळा खर्च भारताने उचलला. पैसा प्रामुख्याने रस्त्यांवर गेला, कारण सिमेंटचे पोते डोंगरावर नेण्याची सोय नसेल तर बाकीच्या योजना कागदावरच राहतात. सीमा रस्ते संघटनेच्या दंतक प्रकल्पाने फुंत्शोलिंगपासून वर जाणारा रस्ता याच काळात बांधला. पुढे चुखाची यंत्रे याच रस्त्याने गेली.

विजेची स्थिती काय होती? १९६१ च्या जलढाका करारानुसार पश्चिम बंगालमधील केंद्रातून दक्षिण भूतानच्या सीमेवरील गावांना वीज मिळू लागली. थिंफूला १९६७ मध्ये ३६० किलोवॅटचे छोटे केंद्र बसले. आज एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या आवाराला एवढी वीज लागते. अशा देशाने १९७४ मध्ये ३३६ मेगावॅटच्या प्रकल्पाचा करार केला. एवढी वीज वापरणारे ग्राहक तिथे नव्हते. म्हणून ग्राहक कोण, हा प्रश्न करारातच सोडवावा लागला: भूतानला लागेल तेवढी वीज भूतानने ठेवायची आणि उरलेली भारताने विकत घ्यायची.

आता मुख्य भाग. चुखाचा खर्च अखेरीस सुमारे २४६ कोटी रुपये झाला. त्यातील ६० टक्के भारताने अनुदान म्हणून दिले, म्हणजे ते परत करायचे नव्हते. ४० टक्के कर्ज होते, ५ टक्के व्याजाने. बांधकाम भारतीय अभियंत्यांनी केले, जनित्रे भेलची, आणि तयार झालेले केंद्र भूतानच्या मालकीचे. ८४ मेगावॅटचे चार संच १९८६ ते १९८८ या काळात चालू झाले आणि १९९१ मध्ये प्रकल्प पूर्णपणे भूतानकडे सोपवला गेला.

मी अभियांत्रिकीचा शिक्षक. आमच्या वर्गात असा प्रकल्प गणितापुरता येतो: पाण्याची उंची द्या, प्रवाह द्या, मेगावॅट काढा. चुखाची उंची चारशे मीटरांहून अधिक, त्यामुळे पेल्टन चक्र, वगैरे. युनिटचा दर काय होता हे विद्यार्थी विचारत नाहीत, आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे मीही विचारले नव्हते. तो सुरुवातीला काही पैशांतच होता. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत २००५ मध्ये दोन रुपयांवर आला. भारताला वीज स्वस्त मिळाली यात शंका नाही. पण कर्जाचे ओझे हलके असल्याने तेवढ्या दरातही भूतानच्या हाती पैसा उरला, आणि वीज निर्यात हा त्या सरकारच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार बनला. अधूनमधून कोणी चुखाला भारताचा उपकार म्हणते, कोणी भूतानचे शोषण. दोन्ही मते दराच्या आणि कर्जाच्या आकड्यांकडे एकत्र न पाहता बनलेली आहेत असे मला वाटते.

वांगछूवरच चुखाच्या खाली ताला प्रकल्प उभा राहिला: १०२० मेगावॅट, २००६-०७ मध्ये पूर्ण. तेच पाणी खाली पुन्हा एकदा वापरले गेले. प्रमाण ६०:४० असेच राहिले, पण व्याज ९ टक्के झाले. २००९ मध्ये दोन्ही देशांनी २०२० पर्यंत १०,००० मेगावॅट उभारण्याचे ठरवले. तालानंतरच्या प्रकल्पांत मात्र अटी उलटल्या. पुनात्सांगछू-१ या १२०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. मांगदेछूसाठी अनुदान आणखी कमी, ३० टक्के.

याचा अर्थ वहीत मांडून पाहा. चुखाच्या २४६ कोटींपैकी कर्ज सुमारे ९८ कोटी. त्यावर ५ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज ४.९ कोटी. आता समजा, हाच प्रकल्प मांगदेछूच्या अटींवर झाला असता. कर्ज १७२ कोटी आणि वर्षाचे व्याज १७.२ कोटी. नदी तीच, यंत्रे तीच, पण व्याज साडेतीनपट!

नव्या पद्धतीत हे व्याज विजेच्या दरातच धरले जाते, म्हणजे अखेरीस ते भारतीय खरेदीदार भरतो. म्हणून भूतानचे जलविद्युत कर्ज आपोआप फिटणारे आहे असे सांगितले जाते. केंद्र वेळेवर चालू झाले तर ते बरोबरच आहे. ७२० मेगावॅटचे मांगदेछू २०१९ मध्ये चालू झाले आणि त्याचा दर युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला. पुनात्सांगछू-१ चे मात्र तसे झाले नाही. २००८ मध्ये काम सुरू झाले. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागेचा उजवा डोंगरउतार सरकला. बोगद्यांचे आणि वीजगृहाचे काम पुढे गेले, धरण अनेक वर्षे अडले. सुमारे ३,५१५ कोटींचा मूळ अंदाज ९,००० कोटींच्या वर गेला. केंद्र बंद असले तरी व्याज चालूच असते, आणि जितका उशीर तितकी पुढची वीज महाग. हिमालयाचा खडक तरुण आणि ठिसूळ आहे हे भूगर्भशास्त्राच्या पहिल्या धड्यात असते. पण ६० टक्के अनुदान असताना त्या खडकाची जोखीम बहुतेक देणाऱ्यावर होती. आता ती घेणाऱ्याच्या खतावणीत जाते.

आणखी एक बाजू पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. बांधकामाचा पैसा भूतानमध्ये येतो तसा सिमेंट, यंत्रे आणि मजुरी यांच्या रूपाने भारतात परतही जातो. भूतानचे चलन ङुल्ट्रम रुपयाशी एकास एक दराने बांधलेले आहे, पण रुपये छापणे थिंफूच्या हातात नाही. २०१२ मध्ये तिथे रुपयांची तीव्र टंचाई झाली आणि मध्यवर्ती बँकेला रुपयांच्या देवघेवीवर बंधने घालावी लागली. मोठ्या बांधकामांसाठी वाढलेली आयात हे त्याचे एक कारण होते.

राहिला शाश्वततेचा मुद्दा. चुखा, ताला आणि मांगदेछू नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. भाक्रासारखा प्रचंड जलाशय नसल्याने बुडणारी जमीन कमी आणि विस्थापितही कमी. वर जंगल टिकले तर पाणी टिकते, आणि देशाचा किमान ६० टक्के भाग वनाच्छादित ठेवण्याचे बंधन भूतानच्या २००८ च्या संविधानातच आहे. मात्र साठा नसल्याची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते. तेव्हा नद्या आटतात, संच अर्धवट चालतात, आणि पावसाळ्यात वीज विकणारा हा देश अलीकडच्या हिवाळ्यांत ती भारताकडून विकत घेतो. यावर उपाय म्हणून संकोश नदीवर मोठ्या जलाशयाचा प्रकल्प अनेक वर्षे चर्चेत आहे. त्यात पाणी साठेल, पण खोरेही बुडेल, आणि अनुदान-कर्जाचे प्रमाण काय असावे हा प्रश्न तिथेही पुन्हा टेबलावर येईल.