‘रानटी’ नाणी खरोखर कुणाची?

१/८
इ.स. ३४८. कॉन्स्टान्स आणि दुसरा कॉन्स्टँटियस हे दोघे भाऊ रोमन साम्राज्याचे सम्राट होते. त्या सुमारास कांस्याची नवी नाणी निघाली. त्यांवर लेख होता : ‘फेल टेम्प रेपाराटिओ’, म्हणजे ‘सुखाचे दिवस परत आले’.

२/८
यांतला सर्वांत प्रचलित छाप असा : एक रोमन सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकत आहे. तो शत्रू म्हणजे सीमेपलीकडचा ‘रानटी’.

३/८
काही वर्षांतच गॉल आणि ब्रिटनमध्ये या नाण्यांच्या असंख्य नकला प्रचारात आल्या. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा, सम्राटाचा चेहरा ओबडधोबड, घोडेस्वार ओळखू न येणारा. काही नकलांचा व्यास १० मिलिमीटरही भरत नाही.

४/८
जुन्या अभ्यासकांनी तर्क केला : लॅटिन अशुद्ध, चित्र बेढब, तेव्हा ही नाणी जर्मानिक टोळ्यांचीच. ‘रानटी अनुकृती’ हे नाव तेव्हा रूढ झाले आणि संग्राहकांमध्ये आजही टिकून आहे.

५/८
पण ही नाणी सापडतात कुठे? मोठ्या प्रमाणावर साम्राज्याच्या आत : रोमन नगरांत, वस्त्यांत, नाणेनिधींत. शिवाय टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मानियाविषयी लिहिताना तेथील लोक व्यापारात चांदीची नाणी पसंत करतात असे नोंदवले आहे. कांस्याच्या चिमुकल्या तुकड्याला किंमत येते ती रोजचा बाजार भरतो तिथेच.

६/८
मग ती पाडली कुणी, आणि का? इ.स. ३५० मध्ये मॅग्नेंटियसने बंड केले. कॉन्स्टान्स मारला गेला. ३५३ मध्ये मॅग्नेंटियसचाही अंत झाला. त्यानंतर त्याची नाणी बाद ठरली असे अनेक नाणेतज्ज्ञ मानतात. पश्चिमेकडील प्रांतांत सुट्ट्या पैशांची टंचाई भासू लागली. मोठे व्यवहार सोन्यात होत, पण भाकरी सोन्याच्या नाण्याने कशी विकत घ्यावी? ही उणीव स्थानिक कारागिरांनी भरून काढली.

७/८
नाणी बनावट करणाऱ्याला रोमन कायद्यात देहान्तापर्यंत शिक्षा होती. तरीही लोकांनी हा धोका पत्करला. आणि नखाएवढे नाणे पाहून कुणाची फसवणूक होणे कठीण. घेणारा आणि देणारा दोघेही ते जाणून होते. म्हणून पुष्कळ अभ्यासक आज याला निव्वळ लबाडी न म्हणता ‘गरजेचे चलन’ म्हणतात.

८/८
जर्मानिक राज्यांतील अनुकृतींचे प्रकरण खरे आहे, पण ते पुढचे. व्हँडलांनी इ.स. ४३९ मध्ये कार्थेज घेतले. त्यांच्या अमलाखालील आफ्रिकेत रोमन वळणाची लहान कांस्यनाणी चालत राहिली. ‘घोडेस्वारा’च्या नकला मात्र बहुतांशी रोमन प्रजेच्याच हातच्या. नाण्यावर रोमन सैनिक ‘रानट्या’ला मारतो आहे, आणि आपण ते नाणेच त्या ‘रानट्या’च्या नावावर मांडून ठेवले. संग्रहालयातील पाटीवर हे विशेषण दिसले, तर नाणे कुठे सापडले ते आधी वाचा.