प्रवाळाचे बेणे

पोवळे आपल्या ओळखीचे आहे. कुणाच्या अंगठीत असते, कुणाच्या माळेत असते. पण हा खडा आहे, झाड आहे की प्राणी आहे, हे ठरायला माणसाला फार काळ लागला. आणि ते ठरण्यात एका कात्रीचा मोठा वाटा आहे!

१७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने तांबड्या पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. झाले! पोवळे म्हणजे समुद्रातले झाड, असे ठरून गेले. पुढे १७२५ च्या सुमारास मार्सेचा वैद्य पेसोनेल याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिले की, ही 'फुले' धक्का लागताच अंग आखडून घेतात. ती फुले नव्हेत, बारीक जीव आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. तिथला मोठा शास्त्रज्ञ रेओम्यूर याला हे पटेना. १७२७ साली त्याने ते मत खोडले, पण पेसोनेलचे नाव घेतले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून!

आता कात्रीकडे येऊ. हॉलंडमध्ये ट्रेंबले नावाचा शिक्षक एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवीत असे. गोड्या पाण्यात त्याला पोवळ्याच्या कुळातला एक चिमुकला हिरवा जीव सापडला. वनस्पती की प्राणी, हे पाहण्यासाठी नोव्हेंबर १७४० मध्ये त्याने त्याचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांचे दोन पुरे जीव झाले! झाडासारखे कलम होते, पण हा जीव चालतो, भक्ष्य पकडून खातो. मग रेओम्यूरही वळला आणि १७४२ साली त्याने पेसोनेलला त्याचे श्रेय जाहीरपणे दिले.

याचे मर्म असे. प्रवाळ म्हणजे एक प्राणी नव्हे, ती अनेक जीवांची वसाहत आहे. खाली चुन्याचा सांगाडा, वर सर्वांना जोडणारी जिवंत साय. फांदी तोडली तर तिच्यावर तोंडे, पोटे असलेले पुरे जीव असतातच. उसाची टिपरी लावली की डोळा फुटतो, तसेच हे. १९६१ साली इंडोनेशियाच्या ली चिन एंग याने घरच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ सांभाळण्याची आपली रीत लिहून प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा छंद पसरत गेला. आज हौशी लोक फांदी कापतात, ती फरशीच्या तुकड्यावर चिकटवतात आणि नवे प्रवाळ वाढवतात. तुकडा पक्का बसला पाहिजे. हलत राहिला तर तो बूड धरत नाही.

२००६ च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडात डेव्हिड व्हॉन या शास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेच्या टाकीत एक प्रवाळ तुटले. तळाशी दोनचार जीव चिकटून राहिले. ते मरतील असे वाटले होते, पण काही आठवड्यांतच ते कितीतरी वाढलेले दिसले. मग त्याने गोट्यासारखी मंद वाढणारी प्रवाळेही सेंटीमीटरभर तुकड्यांत कापली. वाढ कडेने होते. लहान तुकड्याला अंगाच्या मानाने कड जास्त. शिवाय जखम भरताना वाढीला जोर येतो. एकाच वसाहतीचे तुकडे जवळ लावले तर एकमेकांना ओळखून पुन्हा एक होतात.

मग काय, कापत सुटावे? नाही. मूळ वसाहतीला जखम भरायला शक्ती खर्चावी लागते. वरचेवर कापली तर तिची वाढ खुंटते. पाणी बिघडलेले असेल तर उघडी जखम कुजते. आणि मोठा धोका बेण्याचाच! सारे तुकडे एकाच जातकुळीचे. एकाला जो रोग बाधतो तो सर्वांना बाधतो. जी उष्णता एकाला सोसत नाही ती कुणालाच सोसत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र तापला आणि जोपासलेली पुष्कळ प्रवाळे पांढरी पडून मेली. म्हणून तिथे आता तुकड्यांच्या जोडीला प्रवाळांच्या अंड्यांपासूनही रोपे तयार करतात. कापण्याने संख्या वाढते. नवा वाण मात्र बीजातूनच येतो.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळे आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. टाकीतले कापणे वेगळे आणि समुद्रातले तोडणे वेगळे, एवढे आपण मुलांना जरूर सांगावे.