‘काल्कल्योशेन’ : चुना विझतो की तापतो?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटपासून नळदुर्गचा किल्ला फारसा दूर नाही. अशा जुन्या बांधकामांत चिरे सांधण्यासाठी चुना लागे, आणि तो वापरण्यापूर्वी त्यात पाणी मुरवावे लागे. या क्रियेला जर्मन भाषेत ‘काल्कल्योशेन’ म्हणतात. ‘काल्क’ म्हणजे चुना आणि ‘ल्योशेन’ म्हणजे विझवणे. आग विझवणे, तहान भागवणे, एवढेच काय, संगणकावरील मजकूर पुसणे यालाही जर्मनमध्ये हेच क्रियापद चालते.

‘काल्क’ लॅटिन ‘काल्क्स’वरून आला. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये कॅल्शियमचे नाव त्याच शब्दावरून ठेवले. खरा पेच दुसऱ्या पदात आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना उरतो. भट्टीतून काढून निवल्यावर त्याचे ढेकूळ हाताला थंडच लागते. पाणी पडताच मात्र ते तडकते, फुगते, वाफा सोडते. मग विझले काय? भट्टीतला अग्नी चुन्यात दडून बसतो, अशी जुनी समजूत होती. पाण्याने ‘विझवताना’च चुना पेटतो, याचे नवल संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात नोंदवले आहे.

स्कॉटिश रसायनज्ञ जोसेफ ब्लॅक यांच्या १७५६ मधील प्रबंधाने ही समजूत मोडली. भाजताना चुनखडीत अग्नी शिरत नाही. उलट तिच्यातून वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घेतली तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो व ५६ ग्रॅम कळी उरते. तिचा १८ ग्रॅम पाण्याशी संयोग होतो, आणि उष्णता निर्माण होते ती या संयोगातून. समजूत गेली, शब्द मात्र राहिला.

मराठीत चुना ‘विरवतात’. ढेकूळ विरून त्याची भुकटी होते, तेच येथे टिपले आहे. ‘चुना’ हा शब्दही संस्कृत ‘चूर्ण’वरून आलेला. रसायनाच्या दृष्टीने मराठी क्रियापद अधिक नेमके म्हणावे लागेल. उष्णतेची सूचना मात्र त्यात नाही आणि जर्मन शब्दात तर ती उलटीच आहे. म्हणूनच कळीच्या ढिगावर पाणी ओतू नये. पाण्यात कळी थोडी थोडी सोडावी आणि डोळ्यांना चष्मा लावावा. चुना डोळ्यात उडाल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावा व विनाविलंब रुग्णालय गाठावे.